दोन १२ इंची सब, २००० वॅटचा ॲम्प, तरी मीटर १३६ वरच अडकलाय, काय चुकतंय?

उजळाईवाडीचा_बास

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. गाडी जुनी हॅचबॅक हाय, मागची सीट काढून टाकलीय, गाणी ऐकायला नाही तर फक्त स्पर्धेत मीटरवर डेसिबलचा (डीबी) आकडा काढायला गाडी करतोय. सामान सांगतो. १२ इंची दोन सब (सबवूफर, बासचे स्पीकर), ड्युअल ४ ओम म्हणजे प्रत्येकात ४ ओमच्या दोन कॉईल, चारही कॉईल पॅरलल जोडून १ ओम केलाय. मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) ॲम्प १ ओमला २००० वॅट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी पॉवर. बॉक्स १८ एमएम एमडीएफचा, शीट टिंबर मार्केटातनं आणली आणि मित्राच्या फर्निचरच्या शेडात दोन रात्री बसून मीच बनवला. नेट ४ क्युबिक फूट म्हणजे ११३ लिटर, स्लॉट पोर्ट (हवा आत-बाहेर जायची चौकोनी वाट) ५६ स्क्वेअर इंच, लांबी ५८ सेंमी, फॉर्म्युल्यानं ट्यूनिंग, म्हणजे बॉक्स ज्या सुरावर घुमतो तो, ३६ हर्ट्झ यायला पाहिजे.

गेल्या रविवारी मित्राकडनं टर्मलॅबचा सेन्सर (स्पर्धेत आवाज मोजायचा मीटर) मिळाला, पुढच्या काचेवर पॅसेंजरच्या बाजूला लावला, दारं काचा बंद, टोन (एकाच फ्रिक्वेन्सीचा सलग सूर) सोडला आणि आकडा आला १३६.४. चार वेळा केलं, चारी वेळा १३६ च्या आसपासच. ज्या दुकानातनं सामान घेतलं तिथं विचारलं तर ते म्हणतात ॲम्प लहान पडतोय, ३५०० वॅटचा घे. पैसे जमवले तर घेता येईल पण मन मानत नाही, कारण सांगलीच्या एका पोराची गाडी मी डोळ्यानं बघितलीय, त्याचा ॲम्प माझ्यापेक्षा लहान आणि आकडा माझ्यापेक्षा चारनं जास्त. मग माझे वॅट जातात कुठं? जाणत्यांनी जरा सांगा.

कागल_हायवे

३५०० घे भावा, विषय संपला. माझ्या भावानं पण तेच केलं.

उद्यमनगर_टर्नर

थांब रे भावा, ॲम्प घेऊ नको. आधी हे वाच आणि मग काय ते ठरव. मी लेथवर काम करतो, बारा-तेरा वर्षं झाली ह्या नादात, माझ्या हातनं पण असेच पैसे गेलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे डेसिबलचा हिशोब. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी वाढतात. २००० चे ३५०० केलेस तर कागदावर साधारण अडीच डीबी मिळतात, ते पण जर ॲम्पला तेवढा करंट मिळाला तर, आणि कॉईल गरम होऊन तिचा रेझिस्टन्स वाढला नाही तर. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे कॉईल १०० डिग्रीनं तापली की सरळ ३९ टक्के वाढ. त्यामुळं मोठा ॲम्प लावून लांब टोन वाजवणाऱ्याचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला खाली यायला लागतो, बघितलं असशील. सांगलीच्या पोराकडं वॅट कमी असून आकडा जास्त आहे तो काय चमत्कार नव्हे, त्याचा बॉक्स आणि गाडी एकमेकाला धरून आहेत.

आता तुझ्याबद्दल. १ ओम जोडला म्हणून ॲम्पला १ ओम दिसतोय असं समजू नको. सब बॉक्समध्ये वाजायला लागला की इम्पिडन्स (ॲम्पला प्रत्यक्षात दिसणारे ओम) चढतो, दोन-तीन ओम सहज होतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे २००० वॅट हे ॲम्पच्या अंगात आहेत, पण तुझा बॉक्स ते घेतच नसेल. अंदाजानं बोलण्यापेक्षा चार रीडिंग घे आणि इथं टाक.

वाजत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज किती. त्याच वेळी ॲम्पच्या टर्मिनलवर किती. ॲम्पच्या आऊटपुटला व्होल्टेज किती आणि सबच्या वायरवर क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावून करंट किती, ह्या दोघांचा गुणाकार केला की खरं काय चाललंय ते कळतं (क्लॅम्प मीटर एसी ट्रू आरएमएस पाहिजे, आणि फेजमुळं खरे वॅट ह्या गुणाकारापेक्षा थोडे कमीच असतात हे ध्यानात ठेव). चौथं म्हणजे बॉक्स नक्की किती हर्ट्झला ट्यून झालाय. त्याला मीटर लागत नाही. आवाज एकदम कमी ठेव, ५० हर्ट्झपासनं एकेक हर्ट्झनं खाली ये आणि टॉर्च मारून कोनकडं (सबच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याकडं) बघत बस. एका फ्रिक्वेन्सीला कोन जवळपास थांबल्यासारखा होतो आणि पोर्टच्या तोंडाशी हात धरलास तर वारं जाणवतं. ती तुझी खरी ट्यूनिंग. फॉर्म्युला काय पण म्हणू दे.

उजळाईवाडीचा_बास

दादा, एवढं लिहिलंत त्याबद्दल आभार. आज संध्याकाळी सगळी रीडिंग घेतली. मोजताना टोन ४० हर्ट्झ ठेवला होता.

बॅटरीवर १२.१, ॲम्पवर १०.६. आऊटपुटला ३८ व्होल्ट, क्लॅम्पवर १३ अँपिअर. म्हणजे ४९४. मी गुणाकार तीनदा केला. २००० वॅटचा ॲम्प आणि पोचतायत पाचशे सुद्धा नाहीत. ३८ भागिले १३ म्हणजे २.९ ओम, तुम्ही म्हणालात तसंच.

कोनचं पण बघितलं. ३६ ला नाही, ३४ ला थांबतोय.

उद्यमनगर_टर्नर

बघ, आता बोलता येतंय. बॅटरीपासनं ॲम्पपर्यंत दीड व्होल्ट वाटेत खाल्ला जातोय, तो कोण खातंय ते आधी शोध. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेव, एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा ॲम्पच्या मायनसला, टोन सोड. शून्याच्या जवळ पाहिजे. मग तसंच प्लसकडनं. वायर कुठली घातलीस?

उजळाईवाडीचा_बास

मायनसकडं ०.९ आणि प्लसकडं ०.६ दाखवतंय दादा.

वायर ४ गेजची किट म्हणून घेतली होती, शंभर टक्के कॉपर म्हणून सांगितलं होतं. तुम्ही विचारलं म्हणून टोकाला ब्लेडनं खरवडून बघितलं, वरनं तांबूस आणि आत चकचकीत पांढरी. ॲल्युमिनियम आहे. आणि रबर एवढं जाड की वरनं बघून ४ गेज वाटावी, सोलल्यावर आत तारांचा जुडगा माझ्या करंगळीच्या निम्मा. लई वाईट वाटलं खरं सांगतो. ग्राउंड मी मागच्या सीटच्या बोल्टला मारली होती, बोल्ट खोलला तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, वॉशर रंगावर बसला होता.

शिरोली_फौंड्री

वायरसाठी इकडंतिकडं फिरू नको, वेल्डिंग केबल घे. कोल्हापुरात त्याला काय तोटा, उद्यमनगरात जिथं वेल्डिंगचं सामान मिळतं तिथं तांब्याची ५० किंवा ७० स्क्वेअर एमएमची आयएसआय मार्क असलेली माग, मीटरवर कापून देतात. कार ऑडिओवाले ज्याला एक बाय शून्य गेज म्हणतात ती ५३ स्क्वेअर एमएम असते, आणि ४ गेज म्हणजे फक्त २१. वेल्डिंग केबलच्या तारा बारीक असतात म्हणून ती वाकते पण छान, दाराच्या कडेनं नेताना त्रास होत नाही. लग (वायरच्या टोकाला बसवायची जोडणी) तांब्याचेच घे आणि क्रिम्पिंग, म्हणजे ते दाबून बसवणं, हायड्रॉलिकनं करून घे, पकडीनं दाबलेला लग दोन महिन्यात ढिला होतोय आणि गरम व्हायला लागतोय. आमच्या फौंड्रीत पॅनेलला असला एक लग जळालेला मी बघितलाय, अख्खं इन्सुलेशन वितळलं होतं.

फ्यूज विसरू नको. बॅटरीपासनं दीड फुटाच्या आत. फ्यूज ॲम्पसाठी नसतोय, वायर कुठं घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून असतोय. मागं दुसरी बॅटरी घातलीस तर तिच्याजवळ पण वेगळा फ्यूज.

उद्यमनगर_टर्नर

शिरोलीकर बरोबर बोलले. हिशोबच बघ. ॲम्प पूर्ण २००० वॅट द्यायला लागला आणि ८० टक्के एफिशियन्सी धरली तर आत २५०० वॅट पाहिजेत, १३.८ व्होल्टला ते १८० अँपिअर होतात. आपल्या लहान गाडीचा अल्टरनेटर ६०-८० अँपिअरचा, त्यात गाडीची स्वतःची गरज. उरलेला करंट बॅटरीतनंच येणार. म्हणून मागं ॲम्पच्या शेजारी एक चांगली एजीएम (पाणी न घालायची बंद) बॅटरी घाल, स्पर्धेच्या टोनला दोन-चार सेकंदच पुरवायचं असतं. इंजिनकडं बिग थ्री कर, म्हणजे अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी, ह्या तिन्ही वायरी जाड कर. ग्राउंडच्या जागी रंग ग्राइंडरनं पांढरा पत्रा दिसेपर्यंत घास आणि बोल्ट आवळल्यावर वरनं ग्रीस लाव, आपल्याकडं पावसाळ्यात उघडा पत्रा चार दिवसात गंजतोय.

गंगावेश_९०

माझा पण प्रश्न यातच विचारतो. माझ्या गाडीत एक १० इंची सब आहे, मोबाईल ॲपवर मोजलं तर १०८ च्या वर काही केल्या जात नाही. सब खराब आहे का?

उद्यमनगर_टर्नर

सब नाही, मोजणं खराब आहे. मोबाईलमधली बरीच ॲप ए वेटिंगवर चालतात, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसा हिशोब करून आकडा दाखवतात. आपल्या कानाला खालचा बास कमी ऐकू येतो म्हणून ए वेटिंग ४० हर्ट्झला जवळजवळ ३५ डीबी वजा करून टाकतंय, ५० हर्ट्झला ३०. त्यात मोबाईलचा माईक बोलणं टिपायला बनवलेला, एवढ्या दाबाला त्याचा सिग्नल आधीच कापला जातो. त्यामुळं मोबाईलवर सबचं काहीच कळत नाही. स्पर्धेच्या मीटरमध्ये प्रेशर सेन्सर असतो, वेटिंग नसतं. टर्मलॅब आणि डीबी ड्रॅग रेसिंग (गाडीतल्या आवाजाच्या स्पर्धा) ह्या दोन्हीमागं अमेरिकेतला वेन हॅरिस, तो स्वतः आधी कॅडिलॅकची शववाहिनी सबनं भरून स्पर्धेत उतरायचा. तुझ्याकडं मीटर नसेल तर आमच्याकडं ये रविवारी.

उजळाईवाडीचा_बास

दहा दिवस गायब होतो, काम चालू होतं. ७० स्क्वेअरची केबल आणली, साडेचार मीटर प्लस आणि तेवढीच मायनस थेट बॅटरीपर्यंत, बॉडीवर भरवसाच ठेवला नाही. शिवाय मागं एजीएम, दोन फ्यूज, बिग थ्री. आता टोनला बॅटरीवर १२.९ आणि ॲम्पवर १२.७. आधी १०.६ होते तिथं १२.७ बघून बरं वाटलं.

मीटर १३७.९. म्हणजे दीड डीबी वाढला. वायरनं दीड डीबी येईल असं मला कोण आधी बोललं असतं तर मी ऐकलं नसतं. पण दादा, सांगलीकर अजून लांब आहे.

उद्यमनगर_टर्नर

आता खरा विषय चालू होतो. बॉक्स.

पोर्टेड बॉक्स म्हणजे काय ते एकदा नीट समजून घे, मग सगळं सोपं आहे. नळाखाली कळशी भरताना आवाज कसा चढत जातो ऐकलंयस ना, बुड बुड पासनं सुरू होतो आणि काठाला येईपर्यंत बारीक होतो, आपली आई आतनं आवाजावरनंच ओळखती भरली म्हणून. आतली हवा कमी होत जाईल तसा स्वर वर जातो. बॉक्सचं तेच. आतली हवा म्हणजे स्प्रिंग आणि पोर्टमधली हवा म्हणजे त्या स्प्रिंगला टांगलेलं वजन. बॉक्स लहान केला की ट्यूनिंग वर, पोर्ट लांब केला की वजन वाढलं, ट्यूनिंग खाली, पोर्टचं तोंड मोठं केलं की परत वर.

तुझा फॉर्म्युला ३६ म्हणत होता आणि आलं ३४, त्याचं कारण असं की फॉर्म्युला गोल पाईपसाठी आहे. पोर्टच्या दोन्ही टोकाला थोडी बाहेरची हवा पण त्या हवेबरोबर हलते, म्हणजे पोर्ट आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो. तुझा स्लॉट बॉक्सच्या भिंतीला चिकटून आहे, त्यामुळं ती जास्तीची लांबी अजून वाढली. तुझ्या मापावरनं मी गणित केलं, ३४ हर्ट्झ म्हणजे तुझा ५८ चा पोर्ट ८३ सेंमीसारखा वागतोय. मग ४० हर्ट्झ पाहिजे असेल तर ६० सेंमीसारखा वागायला पाहिजे, म्हणजे प्रत्यक्षात ३५ सेंमी. २३ सेंमी कमी करायला लागणार.

४० च का, तर गाडीमुळं. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर ३४३ भागिले ५, ६८ हर्ट्झच्या खाली लाट केबिनमध्ये मावतच नाही, अख्ख्या गाडीत एकदम दाब चढतो आणि उतरतो. जेवढं खाली जाशील तेवढी गाडी मदत जास्त करते, कागदावर दर सप्तकाला १२ डीबी, पण टप हलतो, रबरातनं हवा जाते, म्हणून प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही. उलटीकडं सबला खाली जाताना जास्त हवा हलवायला लागते. ह्या दोघांची भांडाभांडी होऊन प्रत्येक गाडीची एक जागा ठरते जिथं आकडा सगळ्यात जास्त येतो. ती जागा आधी शोध. वॉल्यूम तोच ठेव, ३० पासनं ६० पर्यंत एकेक हर्ट्झला दोन सेकंद टोन, प्रत्येक वेळी आकडा वहीत लिही. मधी कॉईल थंड होऊ दे, वास आला तर तिथंच थांब.

पाचगाव_साऊंड

एक भर घालतो. रोज ऐकायला गाडी असती तर ३२-३४ ट्यूनिंग उत्तमच आहे, गाण्याचा बास पसरट आणि खोल येतो. फक्त आकडा काढायचा असेल तर सगळा जोर एका जागी गोळा करायला लागतो आणि मग गाणी त्या गाडीत बरी लागत नाहीत, कुठलं पण गाणं लावा एकच सूर घुमतो. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर स्पर्धा झाल्यावर परत बॉक्स बदलायची वेळ येते.

सबसॉनिक फिल्टर (एकदम खालचा बास कापणारा) पण लावा. ट्यूनिंगच्या खाली कोनला आतनं आधार राहत नाही, मोकाट सुटतो. ४० ट्यूनिंग असेल तर फिल्टर ३१-३२ ला. माझा एक सब ह्याच कारणानं गेला, कॉईल आदळून वाकडी झाली होती, हातानं कोन दाबला की खरखर यायची.

उजळाईवाडीचा_बास

स्वीप केला. वही समोर घेऊन बसलोय. ३४ ला, जिथं माझी ट्यूनिंग, तिथं १३५.१. मग चढत चढत ४३ ला १३८.२, ४४ ला १३८.१, ४८ नंतर उतार. म्हणजे गाडी ४३ मागतेय आणि मी तिला ३४ चा बॉक्स दिलाय.

आता पोर्ट कापायचा म्हणजे बॉक्स फोडायला लागणार का? मी गोंद लावलाय पण एका बाजूचं झाकण स्क्रूवर आहे, नशीब.

उद्यमनगर_टर्नर

झाकण स्क्रूवर ठेवलंस हे लई चांगलं काम केलंस. पोर्टचा आतला पाय एकदम २३ सेंमी कापू नको, पाच-पाच सेंमी काप, झाकणाला फोमची पट्टी लावून आवळ, कोन कुठं थांबतो ते बघ आणि मीटर घे. लाकूड कापता येतं, जोडता येत नाही. आणि पोर्ट लहान झाला की त्यानं व्यापलेली जागा मोकळी होऊन बॉक्सचे लिटर थोडे वाढतात, म्हणून ट्यूनिंग हिशोबापेक्षा किंचित खाली राहील, ते धरून चाल.

पोर्टची टोकं आतनं बाहेरनं दोन्हीकडं गोल कर, राऊटर नसेल तर कानशीनं कर. एवढ्या तोंडातनं हवा जोरात जाते, कडा धारदार असली की फुसफुस होते आणि ती हवा नुसती भोवऱ्यात वाया जाते.

राजारामपुरी_आठवी

मी ह्या विषयातली नाही, माझा धाकटा भाऊ ह्या नादात आहे म्हणून धागा वाचत होते. मी नर्सिंग केलंय, म्हणून दोन गोष्टी कळकळीनं सांगते. कामाच्या ठिकाणी आवाजाची जी मर्यादा सांगतात ती ८५ डेसिबलला ८ तास, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, १०० ला फक्त १५ मिनिटं. हे आकडे ए वेटिंगचे आहेत आणि वर लिहिलंय तसं बासला ए वेटिंग कमी मोजतं, तरी तुम्ही १३५-१४० म्हणताय त्यातनं ३५ वजा केले तरी १०० च्या पुढं राहतंच. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. टोन चालू असताना कोणी आत बसू नका. माझ्या भावाच्या कानात रात्री शिट्टी वाजल्यासारखं होतं, तो घरात कुणाला सांगत नव्हता.

आणि टेस्टिंग वस्तीत करू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, दवाखाना, शाळा, कोर्टाच्या आजूबाजूचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आपल्या कोल्हापुरात गणपतीत डॉल्बीचा किती त्रास होतो ते म्हाताऱ्या माणसांना विचारा.

उजळाईवाडीचा_बास

ताई, तुमचं सगळं पटलं. मी आतापर्यंत आत बसूनच टोन सोडत होतो, चुकलंच. आता पाच मीटरची वायर घातलीय आणि बाहेरनं रिमोटनं सोडतो, कानात प्लग आणि वरनं वर्कशॉपचे मफ. टेस्टिंग रविवारी दुपारी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, मोठी शेड बंद असते तिथल्या मोकळ्या रस्त्याला, मालकाला विचारून. तुमच्या भावाला कानाच्या डॉक्टरांकडं नक्की न्या.

आता पोर्टचं. तीन रविवार गेले त्यात. ५८ चा ५३ केला, मग ४८, मग ४३. प्रत्येक वेळी झाकण आवळताना अठरा स्क्रू. ४३ सेंमीला कोन ३७ ला थांबला, मीटर १३९.६. ३८ सेंमीला ३९ आणि १४०.३. शेवटी ३५ ला आणलं, ट्यूनिंग ३९ आणि ४० च्या मधी, टोन ४३, आकडा १४०.७. पुढं अजून २ सेंमी काढले तर १४०.५, म्हणजे उतरायला लागला, तिथं थांबलो. ते २ सेंमी परत जोडता येत नाहीत म्हणून जाड पट्टी आतनं चिकटवून पोर्ट लांब केला.

क्लॅम्प लावला. ४२ व्होल्ट, २० अँपिअर. ८४०. इम्पिडन्स २.९ वरनं २.१ वर आला. तोच ॲम्प, तेच सब. चारशे चौऱ्याण्णवचे आठशे चाळीस.

कागल_हायवे

नाद खुळा भावा!! मी ३५०० घे म्हणलो होतो ते माघारी घेतो. माझ्या भावाला पण हा धागा पाठवलाय.

शिरोली_फौंड्री

आता बॉडीकडं बघ. टोन चालू असताना टपावर तळहात ठेव. जिथं थरथर जास्त तिथं तुझा दाब पत्रा हलवण्यात चाललाय. ब्यूटिल शीट (चिकट रबरी पत्रे) लावून खडखड थांबते पण आकड्यासाठी पत्रा ताठ व्हायला पाहिजे, आतनं पट्ट्या किंवा बॅटन मारून आधार दे. आणि मागच्या दाराचं रबर तपास.

उद्यमनगर_टर्नर

आणि बॉक्सची जागा. सब आणि पोर्टचं तोंड मागच्या दाराकडं करून बॉक्स दोन-दोन इंचानं पुढंमागं सरकव, प्रत्येक जागी आकडा घे. ह्याला पैसा लागत नाही, फक्त माणूस लागतो. तोंड मागं आणि मधी वीतभर जागा असं माझ्या गाडीत जमलं होतं, तुझ्यात वेगळं जमेल.

उजळाईवाडीचा_बास

रविवारी सकाळी पाऊस पडून गेला होता आणि टपावर थेंब तसेच होते. टोन सोडला आणि मी बाहेरनं बघत होतो, टपाच्या मधल्या भागातले थेंब वीतभर वर उडत होते आणि कडेचे जागचे हलत नव्हते. कुठं आधार द्यायचा ते मार्कर न लावता कळलं. आतनं छताचं कापड काढून आडव्या दोन पट्ट्या मारल्या.

बॉक्स आधी पुढच्या सीटला टेकून ठेवला होता. मागं सरकवत नेला, मागच्या दारापासनं ९ इंचावर १४१.६, ७ इंचावर १४१.८, ५ ला परत १४१.२. ७ ला फिक्स केला, बोल्ट मारले.

मग मागच्या दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, हे आमच्या वडिलांनी सांगितलं, फ्रिजच्या दाराला ते असंच बघतात. खालच्या डाव्या कोपऱ्यात पट्टी सरळ हातात आली. रबर बदललं, लॉकचा हुक दोन आटे आत घेतला. आता कोपऱ्यात पट्टी फाटते पण निघत नाही. मीटर १४२.३.

उद्यमनगर_टर्नर

१३६.४ वरनं १४२.३. ५.९ डीबी. हेच नुसत्या वॅटनं मिळवायचं म्हणलं असतं तर चौपट जवळजवळ, ७८०० वॅट लागले असते. तेवढा करंट ह्या गाडीत कुठनं आणला असतास.

आता व्होल्टेज वर आलंय तर ॲम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) परत सेट कर. २००० वॅट १ ओमला म्हणजे दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, ४४.७ व्होल्ट. बास बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, हेड युनिट (गाडीचा स्टिरिओ) पाऊण आवाजावर, ४० हर्ट्झचा शून्य डीबीचा टोन, सब काढून ठेवलेले. त्या आकड्याच्या वर गेन नेऊ नको. लाट कापली गेली की चौकोनी होते आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत पॉवर दुप्पट, ती सगळी कॉईल तापवायला जाते.

गंगावेश_९०

मी रविवारी टर्नर दादांकडं जाऊन आलो. १०८ म्हणणाऱ्या मोबाईलशेजारी सेन्सर लावला, १२८.९ निघाले. माझा सब चांगला आहे!

उजळाईवाडीचा_बास

गेन ४४ व्होल्टवर सेट केला काल रात्री, टोन लावून पण आवाज न करता, सब काढूनच. उरलेली ७० स्क्वेअरची केबल साधारण दीड मीटर माझ्याकडं पडून आहे, चार लग पण आहेत. गंगावेशकर, तुमच्या गाडीचा बिग थ्री करायचा असेल तर तेवढी पुरेल, येताना फक्त इंजिन ते बॉडी अंतर मोजून आणा. पुढच्या रविवारी दुपारी दोनला गोकुळ शिरगावलाच आहे, सेन्सर घेऊन येतोय. आता छतानंतर पुढची काच हलतेय असं वाटतंय, ते बघायचंय.